भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या शांताअक्का

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. चहा गार होऊ दे, टायपिंगच्या चुका तुम्ही सांभाळून घ्या, मी मागं वळून वाचणार नाहीये. आमच्या शांताअक्का गेल्या. परवा. आणि कालपासून हुबळी-धारवाडमधल्या ओळखीच्या प्रत्येक ग्रुपवर एकच ओळ फिरतेय, की ‘जादूच्या दिव्यानं मुलांना वाचायला शिकवणाऱ्या बाई गेल्या.’ खाली हात जोडलेले, त्याखाली पणत्या. मला रडू यायच्या आधी हसूच आलं. कारण तो दिवा माझा होता! मी आणला होता तो त्यांच्याकडं. आणि त्या दिव्याला शांताअक्कांनी जेवढं फैलावर घेतलं तेवढं आख्ख्या जगात कुणी घेतलं नसेल.

त्यामुळं त्यांना न पाहिलेल्यांनी आधी त्यांना नीट बघा.

हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडवरची एक मराठी शाळा. मागच्या बाजूला, जिन्याखालची वाटावी अशी एक खोली. मी दारात उभी, हातात खोका, खोक्यात दिवा. आत बघते तर एक पन्नाशीच्या बाई भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसलेल्या. अगदी शिक्षा झाल्यासारख्या! आणि त्यांच्या पाठीमागं बाकावर एक मुलगी एकेक अक्षर जोडत काहीतरी वाचतेय. मी म्हटलं, “एक्स्क्यूज मी...” तर भिंतीकडूनच आवाज आला, “सुम्म कूडु.” म्हणजे गप बस. कन्नडमध्ये, पण आवाज असा की कुठल्याही भाषेत कळावा. मी खोका मांडीवर घेऊन गप बसले.

मुलीचं वाचून झालं तेव्हाच त्या वळल्या. मी विचारलं, तुम्ही अशा का बसता? तर म्हणाल्या, “हे बघ, ही पोरं अक्षर वाचायच्या आधी माणूस वाचतात. ‘क’ म्हणायला तोंड उघडतात आणि माझ्याकडं बघतात. माझी भुवई हलली की ‘प’ म्हणतात. माझं तोंड म्हणजे काय पाठ्यपुस्तक आहे होय? म्हणून मी तोंडच काढून घेते.”

ही मुलं म्हणजे डिस्लेक्सिया असलेली. हुशार, बडबडी, हिशोबात पक्की, पण छापलेलं पान समोर आलं की घाम फुटतो. दिवसातला एक तास ती वर्गातून उठून अक्कांच्या या वाचनखोलीत यायची. अक्का स्वतः जुन्या हुबळीच्या. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, घरात सहा भावंडं, आणि शिकायचंच म्हणजे शिकायचंच असं आईचं एकच टुमणं. मुलं त्यांना बाई म्हणायची, बाकी सगळी हुबळी अक्का. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून ‘लाइटवाली’च केलं. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, देव जाणे.

माझं काय होतं, तर इंजिनिअरिंग नुकतंच झालेलं, धारवाडात सुभाष रोडला घर, वडील वकील, आणि मला एका छोट्या कंपनीत नोकरी लागलेली. आम्ही वाचनाचा दिवा बनवत होतो. तो इतक्या वेगानं उघडझाप करतो की डोळ्याला कळतसुद्धा नाही, साधा दिवाच वाटतो. कल्पना अशी, की काही मुलांना अक्षराची जी दुसरी सावली दिसते म्हणतात ती यात पुसली जाते आणि अक्षर जागेवर उभं राहतं. मागं एक बटण, प्रत्येकानं फिरवून आपल्याला बरं वाटेल तिथं ठेवायचं. आणि मी! मला वाटत होतं की दोन महिन्यांत आख्खा कर्नाटक वाचायला लागणार.

अक्कांनी दिवा उलटा-पालटा करून बघितला आणि पहिला प्रश्न टाकला, “फिट येणाऱ्या पोराला चालतो का?”

मी खोक्यावर कुठं काही छापलंय का बघायला लागले.

“विचारलं नाहीस?”

“म्हणजे... सरांनी बघितलं असेल.”

“सर इथं नाहीत. तू आहेस. घेऊन जा.”

खरंच परत पाठवलं हो! डॉक्टरांना विचारून, आईवडिलांच्या सह्या घेऊन मी आठवड्यानं परत गेले, तर म्हणाल्या, आता आधी मी बसते. पोरांना लावायच्या आधी आख्खा तास स्वतः त्या दिव्याखाली पेपर वाचत बसल्या. मी समोर, नखं खात. तासानं चष्मा काढून म्हणाल्या, “डोकं दुखलं नाही. चमत्कारही झाला नाही. लाव.”

त्यांची आणखी एक पद्धत होती. वाचायला ताजं द्यायचं. रोज सकाळी जुन्या हुबळीतून चालत येताना वाटेत जे दिसेल त्यावर चार ओळी लिहायच्या आणि तेच मुलांना वाचायला द्यायचं. कुणाची म्हैस दुकानात घुसली, कुणी हातगाडीवरच्या टोमॅटोवर बसलं, असलं काहीतरी. पाठ्यपुस्तकातला धडा कधीच नाही. “ते शिळं आहे. वर्गात दहा वेळा ऐकलेलं. ही पोरं ऐकलेलं म्हणून दाखवतात आणि आपण म्हणतो वाचलं. आपण रोज ताजी भाकरी खातो की नाही? मग वाचायला शिळं का?” आणि मी घाईनं पुढच्या मुलाला बोलावलं की ठरलेला शब्द, “निधान, लाइटवाली, निधान.” सावकाश. हा शब्द मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की आत्ता टाइप करतानासुद्धा बोटं हळू झाली.

आता सिद्धू. सिद्धार्थ, पाचवीतला, बारीक, मोठ्या कानांचा. त्याला इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखता यायची, पण स्वतःचं नाव लिहिताना ‘द्धा’पाशी गाडी बंद पडायची. वडिलांचं ठरलं होतं, “वाचता येत नसलं तर काकाच्या गॅरेजवर बसू दे, काहीतरी शिकेल तरी.” आई अडून बसली होती. आणि आईच्या अडून बसण्याला आधार होता तो फक्त त्या एका तासाचा. अक्कांच्या खोलीत पोरगं हळूहळू का होईना चार ओळी वाचायला लागलं होतं. तो तास गेला की सिद्धू गॅरेजवर. एवढं सरळ होतं ते.

आणि तो तास जाणार होता. आमच्यामुळं! संस्थेच्या चेअरमनसाहेबांच्या कानावर आमचा दिवा गेला आणि त्यांनी हिशोब मांडला, की दिव्यानं मुलं वाचत असतील तर प्रत्येक वर्गात एक दिवा लावू, मग वाचनखोली कशाला? खोली कॉम्प्युटरला देऊ. अक्का दरवर्षी नव्यानं नेमल्या जायच्या, कायम नव्हत्याच. पुढच्या वर्षी नेमायच्या नाहीत, संपलं. साहेब माणूस वाईट नव्हते बरं का. त्यांना खरंच वाटत होतं की मुलांचं भलं होतंय.

हे मला कळलं ते साहेबांना दिव्याचं प्रात्यक्षिक दाखवायच्या आदल्या दिवशी. मी अक्कांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? “हो की.” मग तुम्ही आम्हाला खोलीत येऊ का दिलं? तर माझ्याकडं असं बघितलं, जसं मी फारच खुळ्यासारखं बोलले. “दिवा खरंच चालत असला तर? माझी खुर्ची जाते म्हणून पोरांचा दिवा विझवू?”

प्रात्यक्षिकाच्या दिवशी दुपारी खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आत भट्टी. चेअरमनसाहेब, आमच्या कंपनीचे नितीनसर व्हिडिओ घ्यायला फोन उगारून उभे, मुलांचे आईवडील भिंतीला टेकून. सिद्धूची आई कामावरून तशीच आलेली, पदरानं मान पुसत. सरांनी ठरवलं होतं की आज मुलांनी घरून आपल्या आवडीचं पुस्तक आणायचं, म्हणजे मोकळेपणानं वाचतील. मुलांना तसा निरोप मीच दिला होता. अक्कांना सकाळी कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “ताजं द्या हो.” सर म्हणाले, “अक्का, एक दिवस राहू दे.” अक्कांनी खुर्ची उचलली, भिंतीकडे फिरवली आणि बसल्या.

खोलीतलं सॉकेट सैल होतं. पिन हातानं दाबून धरली तरच दिवा लागायचा. त्यामुळं मी भिंतीपाशी उकिडवी बसलेले, पिन धरून, बरोब्बर अक्कांच्या समोर. आख्ख्या खोलीला त्यांची पाठ दिसत होती आणि एकट्या मला चेहरा.

आधीच्या दोघांनी वाचलं, बरं वाचलं. मग सिद्धू. त्यानं दप्तरातून एक पातळ, कोपरे दुमडलेली पुस्तिका काढली, दिव्याखाली धरली, बोट ठेवलं आणि सुरू झाला.

आणि थांबलाच नाही!

मी बघतच राहिले. हा सिद्धू? जो ‘सकाळ’ला अडकतो तो? आणि मराठी नाही, पाली वाचतोय! जोडाक्षरांनी भरलेल्या ओळी, एकामागून एक, श्वास घ्यायलासुद्धा नेमक्या जागी थांबतोय. नितीनसर फोन घेऊन आणखी जवळ सरकले. चेअरमनसाहेब पुढं झुकले. मला ओरडावंसं वाटत होतं, चालला, आपला दिवा चालला! आणि त्याच क्षणी माझी नजर अक्कांच्या तोंडाकडं गेली.

त्यांचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ. आणि ते सिद्धूच्या पुढं होते, एक शब्द पुढं. ओठांवर आधी यायचं, मग मागून सिद्धूचा आवाज यायचा.

ती बुद्धवंदना होती. रविवारी विहारात सगळे मिळून म्हणतात ती. आमच्या सुभाष रोडच्या घरात मी कधी ऐकलेली नव्हती, नितीनसरांनी नाही, साहेबांनी नाही. आम्हाला वाटलं केवढी ही अवघड भाषा! आणि त्याला ती आजीच्या मांडीवर बसल्यापासून येत होती. तो वाचत नव्हता. लबाडीही करत नव्हता. आवडीचं पुस्तक आण म्हटलं होतं, त्यानं आणलं.

टाळ्या! सिद्धूच्या आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. चेअरमनसाहेब उठून उभे राहिले, “झालं! यापेक्षा काय पुरावा पाहिजे? सोमवारपासून...”

अक्कांनी डोळे मिटले. मी त्यांच्याकडं बघतेय, पिन दाबून बोट पांढरं पडलंय, आणि मला दोन्ही बाजू एकदम दिसत होत्या. या बोलल्या नाहीत तर पोराचा तास गेला. बोलल्या तर एवढ्या माणसांत, आई रडत असताना, पोराच्या तोंडावर खोटेपणा मारल्यासारखं होणार. तो परत कधी तोंड उघडेल? मी तोंड उघडलं, तर त्यांनी बोट वर केलं. जरासंच. निधान.

मग त्या उठल्या आणि वळल्या. सिद्धूजवळ गेल्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“छान म्हटलंस रे. एक शब्द चुकला नाही. आता वाचूया?”

साहेब म्हणाले, “म्हणजे? आत्ता काय केलं त्यानं?”

“वंदना म्हटली की, साहेब. आमची पोरं चालायच्या आधी ही म्हणतात.”

“पुस्तकात बघून म्हटली ना पण?”

आणि मग कोण बोललं असेल? सिद्धूची आई. डोळे पुसत, भिंतीपासून सुटून एक पाऊल पुढं आली. “मला पण सगळी येते, साहेब. पुस्तक मी पण धरते हातात. आणि मी शाळेत गेलेच नाही.”

त्या बाईनं हे म्हटलं ना, त्याला किती बळ लागलं असेल! मुलगा वाचायला लागला असं नुकतंच डोळ्यांनी बघितलं होतं तिनं, आणि स्वतःच्या हातानं ते परत दिलं.

नितीनसर दात आवळून म्हणाले, “अक्का, जरा थांबायचं तरी.” अक्का म्हणाल्या, “दिवा तुमचा आहे, पोर माझं आहे. थांबू कशाला?” साहेब आता चिडले होते. “मग तुमचा दिवा चालतो की नाही? आणि हा पोरगा वाचतो की नाही? का दोन्ही नाही?”

“अजून कुणी बघितलंच नाही,” अक्का म्हणाल्या. “सिद्धू, जा रे, पाणी पिऊन ये. नळ सोडून दे, थंड येऊ दे.” तो गेला. अक्कांनी दार लावलं आणि खडू उचलला. “साहेब, आज सकाळी काय झालं तुमच्याकडं?”

“काय?”

“काहीतरी झालंच असेल की. सांगा. खरं.”

साहेबांना काय वाटलं कोण जाणे, पण त्यांनी सांगितलं. अक्कांनी जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, मोठ्या अक्षरात, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. सिद्धू परत आला. अक्का खुर्चीत, तोंड भिंतीकडं. पहिल्या दोन ओळी फळ्यावर माझा दिवा टाकून, पुढच्या साध्या ट्यूबलाइटमध्ये.

काय सांगू तुम्हाला ती मिनिटं! “आ...ज. आज. स...का...” गप्प. घाम. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. आईनं पदराचं टोक तोंडात धरलं. “सकाळी. कु...त्...” तिथं तो एवढा वेळ थांबला की मला वाटलं संपलं. माझ्या दिव्याखाली तो जसा अडखळला तसाच ट्यूबखाली अडखळला, यात मला काही लपवायचं नाही. ओळी अशा होत्या, ‘आज सकाळी कुत्र्याने माझी एक चप्पल पळवली. मी एका पायात चप्पल घालून घरी आलो. बायको म्हणाली, आता दुसरीही त्यालाच देऊन या. बिचाऱ्याची जोडी तरी होईल.’

शेवटच्या ओळीवर सिद्धू थांबला. “बि...चा...” आणि मग तोंडानं काहीच नाही, नुसते डोळे सरकतायत. आम्हाला वाटलं अडकला.

आणि तो खुदकन हसला.

जोरात, एकदम, तोंडावर हात दाबून, साहेबांकडं चोरून बघत. चेअरमनची चप्पल! कुणी हसायचं धाडस करत नव्हतं. शेवटचे शब्द त्यानं मोठ्यानं म्हटलेच नव्हते. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कुणाचं तोंड दिसत नव्हतं, ओळ पाठ असायचा प्रश्नच नव्हता. ती त्याच्यापर्यंत आत पोचली होती.

साहेब त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “हसला की हा. याला कळलं.” आणि स्वतःच हसायला लागले. अक्का भिंतीकडूनच म्हणाल्या, “वाचलं म्हणजे कळणारच. त्यासाठीच वाचतात की.”

त्या दिवशी निर्णय वगैरे काही जाहीर झाला नाही, नाटकात होतो तसा. साहेब जाता जाता एवढंच म्हणाले, “खोली राहू दे सध्या.” ती अजून आहे. सिद्धू गॅरेजवर गेला नाही.

दिव्याचं म्हणाल तर पुढं कितीतरी दिवस आम्ही तो नीट तपासला, अक्कांच्या पद्धतीनं, ताज्या ओळींवर, दिवा चालू आहे की बंद हे मुलांना न सांगता. एका मुलीचे डोळे त्यात कमी शिणायचे, ती जास्त वेळ बसायची. अक्का म्हणाल्या, तिला बरं वाटतं ना, तिला द्या. बाकीच्यांच्या वाचनात मला फरक दिसला नाही. दुसरीकडं कुणाला दिसलाही असेल, मला दिसला नाही, आणि मी अहवालात तेच लिहिलं. नितीनसर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी रडत अक्कांकडं गेले, तर त्यांनी विचारलं, “खोटं लिहिलंस?” नाही. “मग रडतेस कशाला? भाकरी खा.”

गेल्या महिन्यात त्यांना भेटायला जुन्या हुबळीत गेले ती शेवटची भेट. आजारानं पार वाळल्या होत्या, बोलणं तुटक. कॉटजवळ स्टुलावर सिद्धू बसलेला, आता आठवीत, ओठावर मिसरूड, पेपर वाचून दाखवत होता. बिबट्या विहिरीत पडल्याची बातमी. अजूनही सावकाशच वाचतो तो, अजूनही जोडाक्षराला थांबतो. एका शब्दाला अडला तेव्हा माझ्या तोंडातून तो शब्द निघणारच होता, तर अक्कांनी माझा हात घट्ट धरला. ताकद नव्हती, तरी धरला. त्याला तो शब्द सापडेपर्यंत सोडला नाही.

मग हळूहळू त्यांची पकड सैल झाली. गाढ झोप लागली. सिद्धू वाचतच होता.

मी हळूच म्हटलं, “अरे, बाई झोपल्यात.”

“माहितीये,” तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला. “पण बिबट्या वर निघाला का ते बघायचंय मला.”

आणि पुढची ओळ बोटानं शोधायला लागला.

तर आता तुम्ही सांगा, पण खरंखुरं सांगा हं. तुमच्या आयुष्यात असं कुणी होतं का, ज्यांनी तुम्हाला उत्तर माहीत असूनसुद्धा सांगितलं नाही, नुसतं थांबून राहिले? तुमच्या बाबतीत झालंय का असं?